झूमचा सोस

तेरणा नदीवरच्या माकणीच्या धरणावर पक्षी बघायला जाणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारले जातात. मासे घ्यायला आलात का? आणि नाही म्हटलं, तर मग कशाला आलात? गळ्यात कॅमेरा असला की दुसरा प्रश्न टळतो. त्यामुळे माझा 1200 मिलिमीटरचा सुपरझूम कॅमेरा थकला याची काळजी मला फोटोंपेक्षा अब्रूसाठी जास्त.

सुरू केला की लेन्स कुरकुरत अर्धी बाहेर येते, थबकते आणि रुसल्यागत आत जाते. मुठीजवळचं रबर चिकट झालंय. तेरणाकाठच्या काळ्या रानातली धूळ इतकी वर्षं पोटात गेल्यावर दुसरं काय व्हायचं?

पुतण्या म्हणतो, "काका, आता कॅमेरा कोण घेतंय? फोनमधी शंभरपट झूम हाय की!" त्याच्या फोनवर शेकाट्या टिपून पाहिला. गुलाबी पाय आले, चोच आली, पिसंही आली. फक्त ती शेकाट्याची की फोनच्या मनातली, ते कळेना.

पण त्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले; 2020 साली 90 लाखसुद्धा नाहीत. खिशातले छोटे कॅमेरे फोननं आधी गिळले. सुपरझूम अजून तग धरून आहेत, कारण एवढी लांब पल्ल्याची काच खिशात मावत नाही. तरी निवडायला उरलंय मोजकंच. कॅननचा एसएक्स 70 हा 2018 चा, 65 पट. निकॉनचा पी 950 हा 2020 चा, 83 पट, वजन किलोभर. आणि पी 1000, तब्बल 125 पट, म्हणजे 3000 मिलिमीटर! वजन 1400 ग्रॅमच्या वर. 2025 मध्ये त्याचा वारसदार पी 1100 आला. चंद्रावरचे खड्डे मोजायचे असतील तर खुशाल घ्यावा.

आपल्याला मोजायचेत वारकरी आणि चक्रवाक. तिथं आडवे येतात ते हवा आणि उजेड. या कॅमेऱ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, आणि पूर्ण झूमवर लेन्स प्रकाशही बेताचाच आत घेते. त्यामुळे पहाटे पाण्यावरची हवा स्वच्छ असते तेव्हा फोटोत दाणे उमटतात. ऊन वर येऊन उजेड मुबलक झाला, की तापलेल्या गाळपेऱ्यावरून हवा थरथरायला लागते आणि राखी बगळा उकळताना दिसतो. मग 1200 काय नि 3000 काय, थरथरच मोठी होऊन येते. मराठवाड्यात झूमची मर्यादा कंपनी नाही, सूर्य ठरवतो.

म्हणून मी आता पटींकडे बघणं सोडलंय. पहिली अट, डोळ्याला लावायचं व्ह्यूफाइंडर हवंच. धरणाच्या भिंतीवर भर उन्हात मागच्या पडद्यात फक्त स्वतःची टोपी दिसते. दुसरी, झूम क्षणभर मागे घेणारं बटण. पाण्यावर एका जागी फडफडत थांबलेला कवड्या खंड्या चौकटीतून निसटला की तो पुन्हा सापडेपर्यंत मासा गिळून मोकळा होतो. पी 950 मध्ये ते बटण लेन्सच्या कडेलाच आहे, म्हणून मन तिकडे झुकतं. वजन आठवलं की परत कॅननकडे येतं. घरात म्हणतात, एवढ्या काथ्याकुटात सोयरीक जुळली असती.

परवा भिंतीजवळ म्हशी राखणारे एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले.

"गुरुजी, ह्यात पल्याडचं दिसतंय म्हणं?"

"दिसतं की."

"मग ती डाव्या अंगाची म्हस आमची हाय का बगा. कालपास्नं घरला आली न्हाई."

कॅमेऱ्यानं त्या दिवशी लेन्स मुकाट्यानं बाहेर काढली. मी पडद्यावर हात आडवा धरला. आजोबांनी मान तिरकी करून पाहिलं.

"आमचीच. एक शिंग खाली गेलंय बगा." आणि चपला हातात घेऊन काठाकाठानं निघाले.

तेवढ्याला 1200 मिलिमीटर पुरले.