जाऊन आलेले बापू

प्रत्येक गावाला एक जाऊन आलेला माणूस लागतो. तो कुठं जाऊन आला याला फारसं महत्त्व नाही, बाकीचे तिथं गेलेले नसले म्हणजे झालं. आमच्या बारामती तालुक्यात एके काळी हा मान इस्रायलवाल्यांकडे होता. ठिबक बघायला म्हणून लोक आठवडाभर जायचे आणि पुढची दहा वर्षं ‘तिकडं काय असतंय माहितीये का’ या एका वाक्यावर काढायचे. मग ठिबक बांधाबांधावर आलं आणि इस्रायलचा भाव उतरला. दुबईला तर आता लग्नात न बोलावलेली माणसंसुद्धा जाऊन आलेली असतात. अशा पडत्या बाजारात वडगाव निंबाळकरला स्कूबावाले बापू उगवले.

बापू हे कुणा एकाचं नाव समजू नका. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक बापू निघतो. त्यातल्या चार-पाचांची ही बेरीज आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, ऊस सोमेश्वरला, मुलगा पुण्याला, पोट पुढं आणि मत त्याच्याही पुढं.

वडगाव हे बारामती-नीरा रस्त्यावरचं गाव. समुद्राशी आमचा संबंध मीठ आणि सुके बोंबील एवढाच. आमचं पाणी म्हणजे नीरा डावा कालवा, आणि ते नसेल तेव्हा विहीर. आवर्तन सुटलं का, पाळी कधी, शेजाऱ्यानं दारं मोडलं का, या तीन प्रश्नांपलीकडे पाण्याविषयी इथं कुणी बोलत नाही. पाण्यात पैसे देऊन उतरायचं, तेही गाळ काढायला नाही, नुसतं बघायला, ही कल्पनाच गावाला नवीन होती.

झालं असं की उसाचा हप्ता जमा झाला आणि मंडळींनी जीप ठरवली. नीरा, लोणंद, सातारा, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरले ते थेट मालवण. तारकर्लीत पर्यटन महामंडळानं स्कूबा शिकवणारी रीतसर संस्था उभी केलेली आहे. तिथं दिवसचे दिवस राहून शिकतात, परीक्षा देतात. बापूंना एवढा वेळ नव्हता. त्यांनी ‘पोहता येत नसले तरी चालेल’ अशी पाटी पाहिली आणि घासाघीस सुरू केली. दमा आहे का, बीपी आहे का, असा कागद भरून घेतात. बापूंनी वाचण्याआधीच सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. सरकारी कागदावर होकार देऊ नये, ही त्यांची जुनी शिस्त.

पुढचा भाग गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पंधरा-वीस फुटांवर, बापू पाण्यात आडवे आहेत. पाठीमागून एका पोरानं त्यांची टाकी धरलेली आहे आणि पोतं सरकवावं तसं तो त्यांना खडकाखडकावरून फिरवतोय. हातात ब्रेड दिलाय, त्याभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे जमलेत. मागं गाणं लावलंय. मग बापू खूश होऊन अंगठा वर करतात आणि व्हिडिओ संपतो.

तो का संपतो, हे बापू सांगत नाहीत. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर न्या’. झकाससाठी अंगठा आणि तर्जनी जुळवायची असते. पोरगं शिकवल्याप्रमाणे वागलं, त्यानं बापूंना मुकाट वर नेलं. पैसे पुरे, मासे निम्मे.

परतीचा घाट मात्र बापूंनी लगेच चढू दिला नाही. पाण्याखाली जाऊन आल्यावर काही तास उंचावर जाऊ नये, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, असं त्यांनी तिथं ऐकलं होतं. गोष्ट खरी आहे. खोल बुडी मारणारे विमानात बसण्याआधी बारा-अठरा तास थांबतात. बापू वीस फुटांवर किती वेळ होते हे आपण वर पाहिलंच; पण त्या नायट्रोजनच्या नावावर मंडळींनी एक मुक्काम वाढवला आणि सुरमईची तीन ताटं वाढवली. सोबतच्या माळकऱ्यानं दोन्ही दिवस सोलकढीवर काढले. नायट्रोजन त्याला कुणी विचारला नाही.

गावात आल्यावर बापूंचे वर्ग सुरू झाले. जागा चावडीजवळचा पार, वेळ चहाची. साहित्य म्हणून त्यांनी घरचा सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीला अडकवला, त्याची नळी तोंडापाशी धरली आणि डोळ्यांवर नातवाचा पोहण्याचा चष्मा लावला. “ह्यात ऑक्सिजन भरलेला असतोय,” बापूंनी सांगितलं. बारावी सायन्सचं एक पोरगं म्हणालं, “बापू, ऑक्सिजन नसतो, साधीच हवा असते, दाबून भरलेली.” बापूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोराला विज्ञान शाखेचा पश्चात्ताप झाला. पण पंक्चरवाला पुढं सरकला. “किती दाबून?” पोरगं म्हणालं, “दोनशे बार. म्हणजे तीन हजार पौंडाच्या जवळपास.” पंक्चरवाला खाली बसला. आयुष्यभर गाड्यांच्या टायरात तीस-पस्तीस पौंड भरत आलेला माणूस तो. त्या सभेत समुद्राचं खरं भय त्या एकट्याला वाटलं.

“जड नाही लागत, बापू?” कुणीतरी विचारलं.

“आरं लेका, पान्यात वजनच नसतंय!”

हे वाक्य पुढं त्यांच्या अंगाशी आलं, म्हणून लक्षात ठेवा.

आमच्या पिढीतले सगळे पोहायला विहिरीतच शिकले. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि वरून कुणीतरी ढकलायचं. मुटका मारणाऱ्याकडे सगळं गाव बघायचं. किती उंचावरून मारला, पाणी कुठवर उडालं, यावर आठवडाभर चर्चा. पण तोच मुटकेबहाद्दर नंतर मोटारीच्या पाइपाला मिठी मारून, गुडघे सोलत, कपारीत बोटं घालत वर यायचा तेव्हा सगळे दुसऱ्याच्या मुटक्याकडे बघत असायचे. बापूही त्यातलेच. मालवणला त्यांना दोघा पोरांनी बगला धरून होडीत ओढून घेतलं होतं. होडीचा काठ बुटका, पोरं दणकट, त्यामुळं वर येणं हेही एक काम असतं याचा बापूंना पत्ताच लागला नाही.

तो पुढच्या हिवाळ्यात गोव्यात लागला. बापूंचा भाचा पणजीला नोकरीला आहे आणि त्याच्या मित्राकडे शिडाची बोट आहे. सोबतीला रीतसर परवाना असलेला एक पाणबुड्याही होता. जायचं होतं मुरगावच्या पुढं, ग्रँड बेटापाशी. वाटेत भाच्यानं माहिती पुरवली: याच गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ नावाची शिडाची नौका बांधली आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय.

बापू विचारात पडले. “एकटेच? म्हणजे बोटीवर ऐकायला कुणीच नाही?”

आता थोडं शिडाच्या बोटीविषयी. ती बुड्या मारायला बांधलेली नसते, वाऱ्यावर चालायला बांधलेली असते. तिचा काठ पाण्यापासून उंच, मागं टेकायला फळी असेलच असं नाही. शिडी असते ती अरुंद, घडीची, आणि लाटेसरशी बोटीची मागची बाजू वर उचलून दाणकन खाली आपटते. म्हणून तिच्यावरून बुड्या मारणाऱ्यांचे नियम ठरलेले. नांगर टाकला तरी बोटीवर एक जाणता माणूस राहतोच. मागं एक लांब दोर, टोकाला तरंगता गोळा बांधून, सोडून ठेवतात, म्हणजे प्रवाहानं कुणी मागं गेला तर त्याला धरायला काहीतरी असतं. परत आल्यावर पहिल्यांदा कमरेचा शिशाचा पट्टा वर द्यायचा. मग जाकिटात हवा भरून, ते टाकीसकट पाण्यातच उतरवून दोराला बांधायचं. वरचे लोक शीड चढवायच्या दोरानं ते ओढून घेतात. शिडी हातात आली की मगच पायातले पंखे काढायचे. आणि चढणाऱ्याच्या खाली कुणी थांबायचं नाही, कारण टाकी डोक्यात पडली तर पुढचे नियम लागत नाहीत.

हे सगळं पाणबुड्यानं निघताना सांगितलं. तेव्हा बापू त्याला मालवणबद्दल सांगत होते.

बुडी छान झाली. या वेळी अंगठाही आवरला होता. वर आल्यावर शिडी चार हात लांब असताना बापूंनी सर्वात आधी पंखे काढले आणि बोटीत भिरकावले. का, असं भाच्यानं नंतर विचारलं तर म्हणाले, “आरं, दारात पायताण काढूनच माणूस आत जातोय ना?” पंख्यांशिवाय, कमरेला शिसं आणि पाठीला टाकी घेऊन, प्रवाहात माणूस जातो तसे ते शांतपणे मागं निघाले. तोंडातली नळी काढून काही सूचना देत होते. त्या मागच्या दोरानं त्यांना वाचवलं. दोर धरून, ओढले जाऊन, ते शिडीपाशी आले आणि पट्टा, टाकी, जाकीट काहीएक न उतरवता चढू लागले.

पहिली पायरी झाली, दुसरी झाली. छाती पाण्याबाहेर आली तशी टाकी बापूंना भेटली. बारा लिटरची भरलेली टाकीच सोळा-सतरा किलोच्या घरात जाते, वर शिसं आणि भिजलेलं जाकीट. पाण्यात नसलेलं सगळं वजन तिसऱ्या पायरीवर वाट बघत होतं. बापू तिथं थांबले. वर जाता येईना, खाली जायला मन होईना, आणि दर लाटेला बोट त्यांना एकदा उचलून पुन्हा बुडवत होती. भाचा सांगतो की आयुष्यात पहिल्यांदा मामा सलग पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

शेवटी पट्टा सोडवला, टाकी काढून घेतली, तरीही हातात जोर उरला नव्हता. मग पाणबुड्यानं दोराचा फास त्यांच्या काखेखालून घेतला, दोर शीड चढवायच्या चरकावर गुंडाळला आणि दोघांनी दांडा फिरवला. बापू समुद्रातून कड्‌कड्‌ आवाज करत वर आले, हवेत अर्धं गिरकले आणि बोटीवर ठेवले गेले. दमलेल्या माणसाला वर घेण्याची ही खलाशांची नेहमीचीच पद्धत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बापूही लाजले नाहीत. पारावर पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, “शिडीबिडी साध्या लोकांना. मला शिडावानी चढिवलं.”

मामींनी हे ओट्यावरून ऐकलं. “विहिरीत उतरून फूटबॉल बघा म्हटलं तर ह्यांची कंबर धरती,” एवढंच त्या म्हणाल्या. (हा फूटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गैरसमज नको.)

सध्या बापू उजनीच्या मागं आहेत. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ धरणाच्या पाण्यात गेलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं आणि माणसं बघायला लोटतात. बापूंचं म्हणणं, उन्हाळ्याची वाट कशाला, पाण्याखाली जाऊनच दर्शन घ्यायचं. पुण्यानं वापरून खाली सोडलेल्या त्या पाण्यात स्वतःचा हात दिसतो का, हा प्रश्न कुणी विचारला की ते त्याला समुद्रच पाहिला नाहीस म्हणतात. त्यासाठी करायच्या अर्जाचा मसुदा मात्र मी पाहिला. त्यात देवळाचं नाव तिसऱ्या पानावर येतं. पहिली मागणी अशी आहे: ‘बोटीची शिडी रुंद असावी, तिच्या निदान तीन पायऱ्या पाण्याखाली असाव्यात व वर दोन धट्टीकट्टी माणसे पगारी नेमावीत.’ बापूंनी आजवर लिहिलेल्या अर्जांतली ही एकमेव मागणी, जी कुठल्याही खात्यानं डोळे मिटून मंजूर करावी.

शिवाय नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ नौका निवती खडकापाशी तळाला नेऊन तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची शासनाची योजना आहे. तिकडं जाणाऱ्या पहिल्या तुकडीत आपण असणार, हे बापूंनी परस्पर ठरवलंय. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे असले खेळ बंद असतात, त्यामुळं सप्टेंबरपर्यंत ते गावातच भेटतील. या जरूर. पाण्याखाली काय पाहिलं ते विचारा, चहा त्यांच्याकडून. वर कसे आलात ते विचारलंत, तर मात्र पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.