तुलनाकाका

डोंबिवलीला आमच्या इमारतीत कुणाला नवीन वस्तू घ्यायची असली, की तो पहिल्या मजल्यावरून चपला हातात घेऊन उतरतो. तिथे तुलनाकाका राहतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. काकांच्या तावडीत सापडलेला माणूस मिक्सर आणायला निघालेला असतो आणि तासाभराने पाट्या-वरवंट्याचे गुण ऐकून घरी परततो.

काका कंजूष नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पैसे बाजूला काढलेले असतात. त्यांना वस्तूपेक्षा निवडीचा नाद. वस्तू घेतली की निवड संपली. मग संध्याकाळी करायचं काय?

गेले तीन पावसाळे त्यांची निवड एकाच जागी अडून बसली आहे. धुणारं आणि वाळवणारं एकच मशीन घ्यावं, की धुण्याचं वेगळं, वाळवण्याचं वेगळं? पाऊस लागला की काकांच्या हॉलमध्ये दोऱ्या ताणल्या जातात. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत टॉवेल, परकर, पायजमे. पाहुण्याने वाकतच आत यायचं. वटपौर्णिमेला धुतलेली जीन्स आषाढी एकादशीला कमरेपाशी अजून दमटच. सगळ्या घराला तो ठरावीक कुबट वास, आणि त्या वासात काका दोनशे पानी वही उघडून बसलेले. डाव्या पानावर मथळा ‘एकत्र’, उजव्या पानावर ‘विभक्त’.

वाद मुळात शब्दापासून सुरू झाला. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, “ड्रायर आहे की आपल्याकडे! दुसरं कशाला?” त्यांची सेमी-ऑटोमॅटिक. एका टबात धुवायचं आणि शेजारच्या टबात टाकून गरागरा फिरवायचं.

“अगं, तो ड्रायर नव्हे. तो फक्त पिळतो. खरा ड्रायर गरम हवेने वाळवतो.”

“बावीस वर्षं मी त्याला ड्रायर म्हणतेय,” काकू म्हणाल्या, “त्याची कधी तक्रार नाही.”

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. एकदा मला बरोबर नेलं. शोरूममधल्या पोराने उत्साहाने सांगितलं, “काका, हे टू-इन-वन. आठ किलो धुतं, पाच किलो वाळवतं.”

“आणि मधले तीन किलो?”

“ते… बाहेर वाळत घालायचे.”

“म्हणजे दोरी ठेवायचीच?”

पोरगं माझ्याकडे बघू लागलं. कारण मग काकांनीच समजावलं. ओले कपडे ड्रममध्ये मोकळे उडाले पाहिजेत, त्यांच्यामधून गरम हवा खेळली पाहिजे. गच्च भरले तर आत नुसती वाफ कोंडते. शिवाय धुण्यापासून वाळेपर्यंत पाच-सहा तास मशीन अडकलेलं. दुसरा घाणा टाकायचा तर रात्र होणार. वेगळी दोन असली, तर एक वाळतंय तोवर दुसऱ्यात चादरी धुऊन होतात. बोलता बोलता शेजारचं एक जोडपं वही काढून टिपून घेऊ लागलं. पोराने काकांना खुर्ची आणि चहा दिला. विक्री मात्र झाली नाही.

काकूंनी हा सगळा प्रश्न एका वाक्यात गुंडाळला होता. “एकत्र कुटुंबासारखंच ते. जागा कमी लागते, पण एक आजारी पडला की सगळं घर अंथरुणाला.” हे वाक्य काकांनी डाव्या पानावर, तोटे या सदरात, काकूंचं नाव न घालता लिहून ठेवलं आहे.

विभक्त बाजूलाही सुख नव्हतं. दोन्ही मशिनं साठ सेंटिमीटर रुंद आणि पंचाऐंशी उंच. एकावर एक चढवली तर साडेपाच फुटांच्या वर. काकांनी बाथरूममध्ये टेप लावून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा गीझर मध्ये आला. एका प्रकारच्या ड्रायरची दमट हवा पाइपने खिडकीबाहेर सोडावी लागते. खिडकी उघडी ठेवली तर पाऊस आत. दुसऱ्या प्रकारात तेच पाणी टाकीत साठतं, ती आठवणीने रिकामी करायची. तिसरा हीट पंपवाला, विजेला सगळ्यांत काटकसरी. त्याची किंमत ऐकून काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारली.

आणि ऑक्टोबर येतो. उन्हाचा चटका बसतो, दोन तासांत चादर पापडासारखी कडक होते. दिवाळीच्या सवलतींच्या जाहिराती येतात तेव्हा काका म्हणतात, “आता कशाला? आता ऊन आहे.” वही माळ्यावर जाते, ती जूनमध्ये खाली येते.

यंदा मीच कंटाळून टू-इन-वन घेतलं. पहिल्याच दिवशी हौसेने आठ किलो कोंबले आणि सगळे वाळवायला लावले. बाहेर आलं ते वाफाळलेलं, चुरगळलेलं, इडलीपात्रातून काढल्यासारखं. बातमी पहिल्या मजल्यावर पोचली. संध्याकाळी काका प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घेऊन हजर.

माझी कोरडी डबल चादर हुकाला लावली: 900 ग्रॅम. धुऊन, पिळून निघाल्यावर पुन्हा लावली: 1 किलो 400. “अर्धा लिटर पाणी,” काका कुजबुजले. जमिनीवर मांडी घालून वही उघडली. पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी. ते उडवायला साध्या ड्रायरला तीनेक युनिट. मग पेन थांबलं. मान वर करून ते माझ्या पंख्याकडे बघत राहिले.

“तुम्ही पावसात कपडे पंख्याखालीच वाळवायचात ना?”

“सगळेच वाळवतात.”

“75 वॉटचा पंखा. चोवीस तास म्हणजे 1.8 युनिट. दोन दिवस म्हणजे 3.6.” आवाज कापरा झाला. “म्हणजे तीन वर्षं मी वीज वाचते म्हणून ड्रायर घेतला नाही, आणि पंखाच जास्त खात होता!”

मला वाटलं, झालं. आता उद्या टेम्पो येणार. इमारतीत पेढे वाटण्याचं मी मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. नेहमीसारखा वाकून, दोन परकर चुकवत आत शिरलो. डोक्यावर पंखा फिरतोय, त्याच्याखाली काका, मांडीवर वही. नवीन पान.

“या, या. बरं झालं आलात. बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये भागतो. खर्च सरळ निम्म्यावर! आता प्रश्न एवढाच, की रिमोटचा घ्यावा, की भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारा?”

दोरीवरच्या मोज्यातून एक थेंब टपकला, तो नेमका ‘रिमोट’वर. शाई फुटली. काकांनी तो शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे कंसात लिहिलं, ‘ओलाव्याचा धोका’.