गिटारीच्या पोटात काय निघालं

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडे कुंपणापाशी या. ऐकलंत का समोरच्या बंगल्यातलं? ती माळ्यावरची गिटार हो! दर दिवाळीला खाली यायची, पुसून परत वर जायची, तीच.

तर सुनेनं कुठलंसं रील बघितलं. गिटारीचं पोट कापायचं, आत मनीप्लांट लावायचा, वर लाइटची माळ. करवत घेऊनच बसली होती. काकू एरवी "तुमचं तुम्ही बघा" म्हणणाऱ्या, पण एकदम आडव्या आल्या. "हात लावायचा नाही!" सुनेचं तोंड एवढंसं झालं. मी आपली विरजण मागायला गेले होते म्हणून दिसलं, नाहीतर मी कशाला कुणाच्या घरात...

तर काय सांगत होते? हं. काकांनी ती रिक्षात घातली आणि गेले मिरजेला, सतारमेकर गल्लीत. सून बरोबर. आता तिथली माणसं सतार-तानपुरेवाली, 2024 साली जीआय टॅगसुद्धा मिळालाय त्यांना. पण लाकडाचं दुखणं त्यांना कळणारच. कारागिरानं काकांनाच झापलं म्हणे. सहा पोलादी तारा सुरात लावल्या की मिळून 70 किलोच्या आसपास ओढ बसते, आणि ह्यांनी तारा सैल न करताच वर टाकलेली! दांडी वाकली, घोडी उचकटली, पुढची फळी चिरली. तारा पडद्यांपासून इतक्या वर, की दाबता दाबता बोटं सोलून निघतील. शिवाय घोडीखाली कुणीतरी सुताराचा पांढरा गोंद थापलेला. "हे कुणी केलं?" म्हटल्यावर काका छताकडे बघायला लागले.

घोडी काढून नीट बसवली, भेगेला आतून लाकडाची चिमुकली ठिगळं लावली. दांडी सरळ करायची तर मात्र नवी गिटार परवडेल. मग तोच म्हणाला, राहू द्या वाकडी, मांडीवर आडवी घेऊन वाजवा! माथ्याकडची पट्टी उंच केली, तारा आणखी वर. दाबायचंच नाही, नुसती स्टीलची कांडी फिरवायची, मींड कशी लोण्यासारखी येते. ब्रिजभूषण काबरा नाही का, 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त, शिवकुमार-हरिप्रसादांबरोबर? गिटारच ती, आडवी घेतलेली. आणि विश्वमोहन भट्टांना तर मोहनवीणेवर 1994 साली ग्रॅमी... पण ते राहू द्या, खरी गंमत पुढेच.

ठिगळं लावताना कारागिरानं भोकातून आरसा सरकवला, बॅटरी मारली. तर फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेलं, "सप्रेम". खाली 1971. नाव नाही हो!

गिटार काकूंच्या माहेरची, थोरल्या भावानं दिलेली, हे तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. आता मला सांगा, भाऊ बहिणीला पोटात लपवून "सप्रेम" लिहितो होय? काकांचा चेहरा असा उतरला म्हणे, की कारागिरानं न मागता पाणी आणून दिलं. घरी आल्यावर काकू काय म्हणाल्या असतील? "दुकानदारानं लिहिलं असेल." आणि शांतपणे चहा टाकला!

आता रोज चार वाजले की त्या गिटार घेऊन बसतात. काका ओट्यावर पेपर धरून. अर्धा अर्धा तास पान उलटत नाहीत, मी बघते ना.

थांबा... ऐकू येतंय? भीमपलास आहे. अहो, तिकडे बघू नका! काका इकडेच बघतायत.