रामशास्त्र्यांचा अर्ज नामंजूर

बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरच्या भागाला लंका म्हणतात. ही लंका सोन्याची नाही, झेरॉक्सची आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम आला की इथल्या सायबर कॅफेंत पाय ठेवायला जागा नसते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, फीची पावती, पासबुकाचं पहिलं पान. त्यात आता एका कागदाची भर पडली आहे: समाजकार्याचं प्रमाणपत्र. नुसता हुशार मुलगा देणगीदारांना चालेनासा झालाय. नव्वद टक्के तर हवेतच, शिवाय समाजाविषयी कळकळ हवी, आणि ती दोनशे केबीच्या आत जेपीजीत बसायला हवी.

काशीत शिकून नाव काढलेला एक मराठी विद्यार्थी या निकषांत कुठे बसतो, हे मी सहज ताडून पाहिलं. रामशास्त्री प्रभुणे, मुक्काम माहुली, जिल्हा सातारा. त्यांची हकिकत परंपरेने सांगतात ती अशी: साताऱ्याच्या एका सावकाराकडे हा पोरगा शागीर्द होता. मालकाच्या पायांवर पाणी घालताना याची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांवर खिळली आणि पाणी भलतीकडेच गेलं. सावकाराने सुनावलं, असली मोत्यं घालायला अंगात काहीतरी असावं लागतं. पोरगा उठला तो थेट काशीला.

आता हा अर्ज भरून बघा. मागील परीक्षेतील गुण: निरंक. शिक्षणातील खंड: जन्मापासून. समाजकार्य: सावकाराचे पाय धुणे, तेही धड नाही. शिफारसपत्र: सावकाराकडून मिळण्याची आशा नाही. अर्ज पहिल्याच पानावर बाद.

हाच नामंजूर उमेदवार पुढे पेशवाईत न्यायाधीश झाला आणि श्रावणमासातल्या दक्षिणेची पात्रता ठरवायला बसला. ही दक्षिणा म्हणजे त्या काळची मेरिट स्कॉलरशिप. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी ती सुरू केली. 1731 मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर ती पेशव्यांकडे आली आणि काशीपासूनचे ब्राह्मण श्रावणात पुण्याची वाट धरू लागले. पात्रतेची पहिली अट जात होती. ती इतकी उघड होती की अर्जात तिचा रकाना ठेवायचीही गरज नव्हती. विद्वानांची परीक्षा होई, त्यांना रक्कम जास्त. बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात कोंडायचं आणि एकेकाला दारातून बाहेर सोडताना हातावर दोन-चार रुपये ठेवायचे. आधार कार्ड नव्हतं, पण माणूस दोनदा रांगेत उभा राहतो ही समज तेव्हाही पक्की होती.

तर असं सांगतात की एका वर्षी या गर्दीत खुद्द रामशास्त्र्यांचे बंधू आले. नाना फडणवीस म्हणाले, यांना वीस रुपये द्यावेत. शास्त्रीबुवा म्हणाले, यांच्याजवळ विशेष विद्या नाही, इतरांसारखे दोनच द्या. भाऊ माझा आहे, त्याला काय द्यायचं ते मी घरी देईन. असा माणूस आज एखाद्या कॉलेजात शिष्यवृत्तीचा नोडल अधिकारी नेमला, तर पितृपक्षाच्या आत त्याची बदली होईल, आणि निरोप समारंभात त्याच्या बाणेदारपणावर भाषणंही होतील.

पुण्यात हे चालू असताना काशीत कंपनी सरकारही विद्येला आश्रय द्यायला निघालं होतं. 1791 मध्ये रेसिडेंट जोनाथन डंकनसाहेबांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. तीच आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून उभी आहे. नियमावली मोठी बहारीची होती. विद्यार्थ्यांची परीक्षा वर्षातून चार वेळा, साहेबांच्या समोर. मात्र जी विद्या ब्राह्मणेतरांच्या कानी पडू नये इतकी पवित्र मानलेली, ती वगळून. म्हणजे पैसे देणाऱ्याने परीक्षेला बसायचं, आणि मुख्य विषय आला की उठून बाहेर जायचं. शिवाय वैद्यक शिकवणारा सोडून सगळे अध्यापक ब्राह्मणच असावेत, असंही कलम होतं.

या पाठशाळेचे पहिले प्रमुख काशिनाथ पंडित. दहा वर्षांत चौकशी बसली, पाठशाळेच्या पैशाला पाय फुटल्याचं निघालं आणि 1801 मध्ये पंडितजींना घरी बसवण्यात आलं. विद्येच्या अनुदानातला घोटाळा ही कलियुगातल्या पोर्टलांची देणगी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी काशीच्या प्राचीनतेचा असा अपमान करू नये.

पण समाजकार्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी. हिशेब सोपा: दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर. योजना चांगली आहे. तिच्यातून खरोखर घडलेली माणसं मी पाहिली आहेत. पण सेवा तासांवर मोजायची म्हटलं की घड्याळ आलं, घड्याळामागे रजिस्टर आलं आणि रजिस्टरमागे सही. दत्तक गावाला विचारा. त्याला दर तीन वर्षांनी नवा पालक मिळतो आणि प्रत्येक पालक तोच हातपंप रंगवतो.

काशीत दत्तक घ्यायला घाट आहेत. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर बसतात, चिकट आणि जड. तो पंपाच्या फवाऱ्याने आणि फावड्याने निघतो. 8 नोव्हेंबर 2014 ला खुद्द पंतप्रधानांनी अस्सी घाटावर कुदळ-फावडं हाती घेतलं होतं. त्यानंतर स्वच्छतेचे फोटो वाढले, पण हत्यार बदललं. आता हातात झाडू असतो, नवा कोरा, दांड्यावरचा प्लास्टिकचा कागदही न निघालेला. समोर बॅनर, बॅनरवर पाहुण्यांचं नाव, आणि पाठीमागे, घाटाच्या खालच्या पायरीवर, गेल्या वर्षीचा गाळ शांतपणे फोटोत आलेला.

माझा भाचा तिथे शिकतो. नगव्याकडे खोली घेऊन राहतो, सखल भाग. पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा त्याने आणि दोन मित्रांनी शेजारच्या आजींना खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेलं, मग गॅसचा सिलिंडर, मग आजींची देवघरातली बाळकृष्णाची पेटी. ती आधी न नेल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. एका ट्रस्टच्या अर्जात त्याने हे लिहिलं. उलट विचारणा आली: पुरावा जोडावा. फोटो का नाही? तर तिघांचेही हात गुंतलेले होते. आजींना प्रमाणपत्र देता येईल का? देता येईल, पण त्यांच्याकडे लेटरहेड नाही.

मग तो सरकारी शिष्यवृत्तीकडे वळला. केंद्राच्या एका योजनेत दरवर्षी 82,000 नव्या विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, महिन्याला हजार. लंकेवर तेवढ्यात खोलीचं भाडंही भागत नाही. तरी हजार म्हणजे हजार. अर्ज अडकला तो नावावर. मराठी रीतीप्रमाणे आधारवर त्याचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. तिकडच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढंच. बापाची गरज तिथे वेगळ्या ओळीत भागवलेली. यंत्राच्या मते ही दोन माणसं.

याच देशात 2023 मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या 1,572 संस्था तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या 830 बनावट किंवा बंद निघाल्या. पाच वर्षांत 144 कोटींवर रुपये गेले. भिंती नसलेल्या या संस्थांतल्या मुलांची नावं कुठल्या ना कुठल्या खात्याशी बिनबोभाट जुळत होती, हे त्यांच्या शैक्षणिक गुणवत्तेबद्दल बरंच सांगून जातं.

भाच्याला शेवटी कचेरीतल्या वकिलाने मार्ग दाखवला: मी आणि मी एकच आहोत, असं प्रतिज्ञापत्र करा. ज्या काशीत अद्वैतावर शतकानुशतके वाद झडले, तिथे ते दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सिद्ध झालं. नोटरीने शंका फक्त एकच काढली: साक्षीदार दोन लागतील.