पुरावा अपलोड होत आहे

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनी मतदानाचं वय होण्याआधीच बोटाला शाई लावून घेतली. राज्यभर पटपडताळणी होती. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. मोजणी संपली तेव्हा पटावरची वीसेक लाख मुलं शाळेत सापडली नाहीत. त्यातली काही खरोखर गैरहजर. बाकीची अनुदानापुरतीच जन्मलेली.

पुढे शाईची जागा फोटोने घेतली. गुरुजींनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या सरकारी पोर्टलवर चढवावा, असा आदेश नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाला. शिक्षकांनी ओरड केली, आदेश बारगळला. फोटोची सवय मात्र टिकली. आता शाळेने स्वतःच स्वतःला जोखायचं, तेही १२८ मानकांवर, फोटोंचा पुरावा जोडून. कल्पना वाईट नाही. आपली पायरी ओळखली तर वरची चढता येते. पण माहिती वर जाते आणि खाली येते ती नव्या रकान्यांची लिंक.

रकाने कसे भरतात ते बघायचं, तर भिवंडीहून वाड्याकडे निघालं की नदीनाक्यापुढे शेलार गाव लागतं. यंत्रमागांचा खडखडाट हीच इथली घंटा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. अशा गावात बैठक सकाळी अकराला ठेवली, तर बारा तासांची पाळी करणारा बाप एकतर मागावर असणार, नाहीतर झोपेत. मग वहीच सहीसाठी घरोघर फिरते. ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर!

वेगळंही घडलं होतं. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांत तपासणीची नजर कागदी दप्तरावरून मुलांच्या शिकण्याकडे वळली, तेव्हा राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला गेले. परतताना बऱ्याच जणांनी तिथल्या वर्गांतली फरशीवरची रंगीत आखणी तेवढी आणली. ती फोटोत छान येते.

इकडे शेलारमध्ये, मे महिन्यात आपल्या मुलखात गेलेलं कामगाराचं पोर ऑगस्टात परततं. पटावर नाव शाबूत, वजाबाकी विसरलेली. गुरुजी खिडकीच्या गजांतून मोबाईल बाहेर काढून रेंज शोधताहेत. हात धुण्याच्या नळाचा फोटो अर्ध्यात अडकलाय.

‘सर, हातचा कुठून घ्यायचा?’

‘थांब रे जरा, ब्याण्णव टक्के झालंय.’