मातीकाका

निवृत्त झालेली माणसं काहीतरी लावून घेतात. कुणी होमिओपॅथी, कुणी ज्ञानेश्वरी, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद. मातीकाकांनी माती लावून घेतली. नोकरी सगळी बांधकाम खात्यात, म्हणजे आयुष्यभर सिमेंट आणि सिमेंटच्या फायली. निवृत्तीनंतर सहज म्हणून ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये शिबिराला गेले आणि बायको ओळखणार नाही असे होऊन परतले. वीट भाजायची नाही, हा मंत्र घेऊन. ओलसर माती, तिच्यात शेकडा पाचाच्या आसपास सिमेंट, यंत्राच्या साच्यात भरायचं, झाकण लावायचं, दोघांनी दांड्यावर लोंबकळायचं, की ठोकळा तयार. मग अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं. भट्टी नाही, कोळसा नाही, धूर नाही.

हे यंत्र मुळात राऊल रामीरेझ नावाच्या चिलीच्या इंजिनिअरनं १९५०च्या दशकात कोलंबियात, बोगोटाला तयार केलं. काका त्यांचा उल्लेख ‘आमचे रामीरेझ’ असा करतात, जणू ते सांगलीच्या बांधकाम विभागात बरोबर होते.

राहायला मात्र काका चौथ्या मजल्यावर, आरसीसीत. त्यांच्या गॅलरीत बाटल्यांची रांग आहे. प्रत्येकीत माती, पाणी, चिमूटभर मीठ आणि वर चिठ्ठी: ‘तुळजापूर, एसटी स्टँडमागे’, ‘जेजुरी पायथा’. बाटली हलवून ठेवली की आधी खडी बसते, मग वाळू, मग गाळ, वर चिकणमाती. थर मोजले की माती कामाची की नाही ते कळतं. काकूंच्या भाचीनं एकदा त्यातली ‘वाई’ तुळशीत ओतली. काका तिच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

या माणसाला पाहुणा म्हणून कुठं नेणं कठीण. त्याच भाचीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. मुलाचे वडील छाती फुगवून म्हणाले, “बारा एकर आहे, सगळी एक नंबर काळी!” काकांचा चेहरा पडला. ज्या काळ्या मातीवर उभ्या महाराष्ट्राचा ऊस आणि कापूस चालतो, ती काकांच्या लेखी नापास. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला नालायक. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, अंगणाच्या कडेची माती भिजवून तळहातावर वळली आणि वात बोटभर होऊनही तुटेना तेव्हा मान हलवली. घरी येताना म्हणाले, “मुलगा चांगला आहे हो. पण जमीन फुगणारी.”

खरी गंमत अशी की मातीचा एवढा प्रचारक, पण तुमची माती त्याला कधी पसंत पडत नाही. लोक हौसेनं बोलावतात, काका मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाकतात. फुटलाच नाही तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. चार तुकडे झाले तरच हसू. मुळशीकडच्या एका फार्महाउसवाल्यानं ‘गावठी लुक’साठी ट्रकनं दूरवरून ठोकळे मागवायचं ठरवलं, तेव्हा काका त्याच्यावर असे तापले की आर्किटेक्ट गाडीत जाऊन बसला. माती जागेवरची असेल तरच हे काम स्वस्त पडतं, वाहतूक आली की वीटच परवडते, हे काका गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. असा माणूस धंदा काय करणार?

एका विषयावर मात्र ते गंमत करत नाहीत आणि करू देत नाहीत. कुणीतरी म्हणतंच, “काका, किल्लारी विसरलात का?” ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. मग ते शांतपणे कागदावर भिंत काढतात. तिथं गोट्यांच्या जाड भिंती होत्या, दगडांना बांधणारं काही नव्हतं आणि वर माळवदाचा मातीचा भार. नुसत्या ठोकळ्यांवर जाऊ नका, जोत्याला, लिंटेलला आणि छताखाली सळईचा पट्टा घाला, मग माझ्याशी बोला. त्या वेळी आवाजात पूर्वीचा सरकारी इंजिनिअर येतो, आणि मला तो अधिक आवडतो.

शेवटी एकाची माती पास झाली. घरकुलाचं काम, सपाट भागातलं अनुदान तेव्हा एक लाख वीस हजार, आणि मागच्या उतारावर छान तांबूस मुरूम. काकांचा आनंद काय सांगावा! आता यातला विनोद बघा. जुनं घर मातीचं, म्हणून सरकारी यादीत कच्चं, म्हणूनच घरकुल मिळालेलं. त्या माणसाला काका म्हणतात, पुन्हा मातीच घाल. तो हो म्हणाला तो यंत्र बघून. दांड्यावर लोंबकळायला तर गावातली सगळी पोरं आली. माती काढलेला खड्डाही वाया जाऊ दिला नाही, त्याची पाण्याची टाकी झाली.

वास्तुशांतीला आम्ही गेलो. पुढची भिंत सिमेंटच्या गिलाव्यात लपलेली, वर पोपटी ऑइलपेंट, दारापाशी गणपतीची टाइल. घरमालक काकांना हाताला धरून मागं घेऊन गेला आणि ओशाळून म्हणाला, “एवढी एक बाजू उघडी राहिली, काका. पैसे संपले. पुढच्या वर्षी हीसुद्धा झाकून टाकू.”

काकांनी त्या भिंतीवरून तळवा फिरवला, नखानं कोपरा खरवडून पाहिला आणि जेवायला तिथंच बसकण मारली. मालक घाबरून काकूंकडे आला. “रुसले का हो ते?”

“छे,” काकू म्हणाल्या, “जिलेबी दोनदा वाढा.”