पिवळी कायमची, लाल किल्लीची

दहावीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीत स्वतःच स्टिरिओ बसवू नये, असा कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, यावर आमच्या घरातल्या मायलेकींचं एकमत आहे. माझं मत वेगळं आहे; पण ते कोणी विचारत नाही.

नाना पेठेतल्या दुकानदाराने सेट खोक्यात भरता भरता सांगितलं, "फिटिंगचे आठशे होतील, सर. आणि हा कपलर घ्या, अडीचशे. याचं एक तोंड गाडीच्या सॉकेटला, दुसरं सेटला. वायर कापायलाच नको."

"दहा-बारा वायरी जोडायचे हजाराच्या वर? पुण्यात?"

"अहो, देऊन टाका ना," ही म्हणाली. माझा निश्चय पक्का झाला तो तिथे.

डॅशबोर्डचं पॅनेल काढणं सोपं असतं. क्लिपा तुटल्या की ते आपसूक हातात येतं. जुना सेट ओढून काढला, त्याच्या मागचा गाडीचा सॉकेट पक्कडीने छाटला आणि माहितीपत्रक वाचायला घेतलं. हा क्रम उलटा हवा होता, अशी टीका नंतर घरात झाली.

माहितीपत्रक तसं सरळ होतं. सेटची पिवळी वायर कायमच्या 12 व्होल्टची. ती थेट बॅटरीवर असते आणि सेटची आठवण सांभाळते. लाल वायर किल्लीची. किल्ली फिरवली की तिच्यात करंट येतो. काळी अर्थची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या प्लस, आणि त्याच रंगांवर काळी रेघ असली की मायनस. बाजारातल्या बहुतेक सेटना हेच रंग असतात. गाडीच्या बाजूचे रंग मात्र ज्या त्या कंपनीचे आपापले. ही बाब मला तेव्हा किरकोळ वाटली. मी पत्रिका जुळवावी तसे रंग जुळवले. पिवळीला पिवळी मिळाली. लालला लाल नव्हती, तिला तपकिरी दिली. शेवटी गाडीकडची एक वायर उरली. तिच्यासाठी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला मल्टीमीटर लावला. मीटर म्हणाला, अर्थ. मग काय, तीही काळीत गुंडाळली, वरून टेप मारली, आणि काळीचं टोक डॅशबोर्डमागच्या एका स्क्रूखाली आवळलं.

सेट लागला. आकाशवाणीचं पुणे केंद्र खणखणीत लागलं. मी हिला खाली बोलावलं, किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, आणि सेटला काहीच आठवेना. घड्याळात 12:00, स्टेशनं सगळी गायब. म्हणजे गाडीत कायमचा करंट तपकिरीत होता आणि किल्लीचा पिवळीत. दोघींची अदलाबदल केली असती तर विषय संपला असता. मी पिवळी आणि लाल दोन्ही कायमच्या वायरीला जोडल्या. आता आठवण तर राहिलीच, वर किल्ली काढून घेतल्यावरही रेडिओ चालू. ही सोय आहे, असं मी घरी सांगितलं.

त्या शुक्रवारी आवाज शून्यावर आणून मी घरी आलो. आवाज शून्यावर आणणं आणि सेट बंद करणं यात फरक आहे, हे बॅटरीला माहीत होतं. शनिवार-रविवार गाडी जागेवरून हलली नाही. सेटने तासाला एक अँपिअर ओढला, तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी 35 तासांत रिकामी होते. पोरांनी गणितात "तासाला अँपिअर" असं लिहिलं की मी अर्धा मार्क कापतो. पण त्या सोमवारी मी त्याच भाषेत विचार करत होतो. किल्ली फिरवली, स्टार्टर नुसता टक् टक् करून गप्प. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावली आणि केबल निघेपर्यंत सल्ले दिले.

त्यानंतर मी लाल आणि पिवळी आपापल्या जागी लावल्या आणि संध्याकाळी कात्रजच्या रस्त्याला लागलो. अंधार पडला म्हणून दिवे लावले. हेडलाइट लागले, पण स्पीडोमीटर काळाठिक्कर आणि मागचे दिवे बंद. रेडिओ तेवढा मजेत होता. ट्रॅफिक हवालदारांनी बाजूला घेतलं. "मागचा लाइट बंद आहे, साहेब." मी फ्यूज उडाल्याची शास्त्रीय कारणं सांगू लागलो. ते पावती फाडू लागले. नवा फ्यूज घातला. दिव्याचं बटण दाबताच तोही गेला.

दरम्यान मुलीने वेगळीच तक्रार काढली. "बाबा, आवाज पोकळ येतोय. पण नुसत्या डाव्या बाजूला केला की बास येतो." एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट लागल्या की असं होतं. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर सोडवून मी त्याला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवला. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की 'टप्' आवाज येतो आणि कागदी पडदा किंचित बाहेर येतो. उलट लागलं की आत जातो. या सगळ्या कारभारात मला पहिल्या झटक्यात जमलेलं काम हे एवढंच.

राहिली शीळ. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'सूंऽऽ' आणि जितका वेग तितकी पट्टी वर. तो अल्टरनेटरचा आवाज. मी स्वतःची समजूत इतिहासाने काढली. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 1930 मध्ये मोटोरोला हा गाडीतला रेडिओ आणला, तेव्हा स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची खरखर त्यात शिरायची. कर्जासाठी गॅल्विननी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि त्या गाडीने पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. आमची गाडी पेटली नव्हती. हे मी घरी बोलून दाखवलं. "अजून," ही म्हणाली.

शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने सगळ्यात आधी बॅटरीचं मायनस काढलं, माझ्या टेपा सोलल्या, प्रत्येक टोक सुटं केलं, उडालेला फ्यूज बदलला आणि मायनस परत लावलं. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून एकेक वायर तपासली: किल्ली बंद, किल्ली चालू, दिवे चालू. रंगाकडे त्याने पाहिलंही नाही. उरलेल्या वायरीला टोक लावून त्याने दिव्याचं बटण दाबलं, तसा टेस्ट लॅम्प पेटला.

"सर, ही दिव्याची लाइन. सेटची बटणं उजळायला असते. ही तुम्ही अर्थला मारली."

"पण मीटरवर ती अर्थच दाखवत होती!"

"दाखवणारच. दिवे बंद असताना बल्बातनं अर्थ येतो. दिवे लावून बघायची." मग स्क्रूकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हा रंगावर आवळलाय. रंगातनं करंट जातो का?" रंग खरवडून पत्रा उघडा केला, तशी शीळ थांबली. त्याने हजार रुपये घेतले, अडीचशेचा कपलर वेगळा. काय शिकवता, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्हाला हे घरी करायचंच असेल, तर बॅटरीचं मायनस आधी काढा. गाडीचा मूळ सॉकेट कापू नका, कपलर घ्या. सगळी टोकं सुटी आणि झाकलेली ठेवून मगच मायनस परत लावा, आणि प्रत्येक वायर किल्ली बंद, किल्ली चालू आणि दिवे चालू अशा तिन्ही वेळी तपासा. एकदा मोजून खात्री पटली असेल, तर अजून दोनदा मोजायचं बाकी आहे.